एक वर्ष दोन महिने

आमच्या घरात रेडिओचा आवाज कधी वाढवायचा हे आईला बरोबर कळायचं. स्वयंपाकघराचं दार आतून लागलं, कडी सरकल्याचा तो लहानसा आवाज आला, की ती हातातलं काम खाली ठेवायची, उठायची, कोनाड्यातल्या रेडिओचं बटण उजवीकडे फिरवायची आणि परत येऊन सूप मांडीवर घ्यायची. कापसाचे भाव लागोत, भजन लागो की बातम्या, तिला त्यानं काही फरक पडत नव्हता. बाबा वर्तमानपत्र उचलून ओट्यावर जायचे. मी बारावीत होते. मी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागायचे. अर्थशास्त्राचे काही धडे मला आजही तोंडपाठ आहेत ते त्यामुळेच. आत काय चाललंय हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

घर अकोल्यातलं, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, तिच्यामागे एक अंधारी खोली आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. वर टिनं. उन्हाळ्यात दुपारी ती टिनं तडतडायची आणि कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर असायचा. नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे घरात माणसांपेक्षा पाण्याचे ड्रम जास्त. शेजारची भिंत शमीम खालाची. खाला वस्तीभरच्या बायांचे ब्लाऊज शिवायची. सकाळपासून तिच्या मशीनचा आवाज भिंतीतून यायचा, इतका सवयीचा की आम्हाला तो ऐकूही येत नसे. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. आमचा रेडिओ मोठा झाला की खालाची मशीन थांबायची.

आई वस्तीतल्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. लोक तिला अध्यक्षीणबाई म्हणत आणि त्यात थट्टा नव्हती. सातवी शिकलेली, दवाखान्यात आया म्हणून नोकरी करणारी बाई. रविवारी दुपारी विहारात वंदना झाली की बाया सतरंजीवर बसायच्या आणि आई त्यांच्यापुढे. मी नऊ-दहा वर्षांची असताना मागच्या गल्लीतली एक सून जळाली. जळाली असंच सगळे म्हणायचे, कशी जळाली ते कुणी म्हणायचं नाही. त्याआधी कितीतरी महिने तिचं ओरडणं साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा आईचीच पाळी होती. दोन दिवसांनी आई घरी आली, अंगावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी तशीच विहारात गेली. मी तिच्यामागे होते. बायांना ती म्हणाली, "तिचं वरडनं मले ऐकू येत होतं. तुमाले बी येत होतं. आता यापुढं ज्या बाईले कोनाच्या घरातून असा आवाज येईन, तिनं थाळी घ्याची आन् त्या दारापुढं उभं राहून वाजवाची. बाकीच्याईनं हातातलं काम टाकून याचं. थो मानूस बाहेर येईपर्यंत थांबाचं नाई."

आणि ते चाललं. चार-पाच दारांपुढे थाळ्या वाजल्या. एक ट्रक ड्रायव्हर पहिल्या पाच मिनिटांतच हात जोडत बाहेर आला होता. एक बाई तीन दिवस आमच्याकडे राहिली, माझ्या शेजारी झोपली, आमच्यातलीच भाकर खाल्ली. नंतर पोलीस ठाण्यात अर्ज देणं, दवाखान्याचा कागद घेणं, माहेरच्यांना निरोप धाडणं हेही मंडळ करू लागलं. वरूडच्या बायांनी आईला भाषणाला बोलावलं, येताना ती पिशवीभर संत्री घेऊन आली. त्या आठवड्यात मी शाळेत सगळ्यांना संत्री वाटली आणि माझी आई कोण आहे ते सांगितलं.

मंडळाचे अर्ज माझा दादा लिहायचा. मिलिंद. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, एका सरकारी कचेरीत कारकून. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. बाई समोर बसून रडत सांगायची, आई मध्ये मध्ये विचारायची आणि दादा टेबलाशी बसून शांतपणे लिहायचा. "अर्जदार महिलेस तिचा पती क्षुल्लक कारणावरून वारंवार मारहाण करीत असून," हे वाक्य त्याच्या पेनातून उतरताना मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यातला स्वल्पविराम तो कुठे द्यायचा तेही सांगू शकेन. तो दारू प्यायचा नाही, तंबाखू खायचा नाही. नोकरी लागल्यापासून तो घरातही पुस्तकातल्यासारखं बोलायचा. बाया जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून जायच्या.

हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. आता मी अमरावतीत असते आणि आठवड्यातले दोन दिवस बायांच्या एका मदत केंद्रात बसते. आलेल्या बाईसोबत जे नातेवाईक येतात त्यांचं पहिलं वाक्य बहुतेकदा हेच असतं, की तसा तो माणूस चांगला आहे हो. मी ते लिहून घेते. आमच्या घरी येऊन कुणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं.

वहिनी अचलपूरची. रत्ना तिचं नाव. तिला आईनंच पसंत केलं होतं. अचलपूरला बायांच्या एका कार्यक्रमात आई बोलून खाली बसली तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, "बाईनं घर सोडलं तं थे राहाची कुठी? थाळी वाजवनारी तिले किती दिस ठेवते?" सभेत हशा झाला. आई हसली नाही. घरी आल्यावर बाबांना म्हणाली, "अशी सून पायजे आपल्याले. तोंड असलेली." चौकशी केली तर मुलगी बारावी झालेली, बालवाडीत शिकवणारी, वडील साधे, घर नीट. सहा महिन्यांत लग्न झालं.

ती आली तेव्हा मी सोळा संपून सतराव्यात होते, ती बावीसची. तरी मला विशाबाई म्हणायची, माझं नाव विशाखा. ती फार भरभर बोलायची. माझ्या केसांना तेल लावताना बालवाडीतल्या पोरांच्या नकला करायची. तिच्या हातचे कढी-गोळे बाबा दोनदा मागून घ्यायचे. आंबाडीच्या भाजीत ती थोडी हरभऱ्याची डाळ घालायची आणि वरून लसणाची फोडणी ओतायची. तो चरचर आवाज झाला की मी पुस्तक मिटायचे.

पहिल्यांदा झालं ते लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात. संध्याकाळी दादा कचेरीतून आला, आत गेला, कडी लागली. आम्हाला वाटलं, नवीन जोडपं. मग भांड्यांची मांडणी हलली. मग आणखी एकदा. वहिनीचा आवाज मुळीच आला नाही. आईचा हात सुपात थांबला, थोडा वेळ थांबलेलाच राहिला. मग ती उठली आणि तिनं रेडिओ मोठा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चुलीपुढे बसली तेव्हा आईनं तिच्या हातून परात ओढून घेतली. "बस जराशी. आज भाकरी मी टाकतो." एवढंच बोलली. त्यानंतर तोच रिवाज पडला. आईच्या भाकरी जाड असायच्या आणि वहिनीच्या पातळ. कॉलेजला जाण्याआधी ताटात जाड भाकर आली की मी वर न बघता जेवायचे.

कशावरून व्हायचं ते मला सांगता येणार नाही. डाळीत मीठ, शेजारणीशी उभं राहून बोलणं, कपड्याची घडी. केंद्रात नवीन आलेल्या मुली बाईला विचारतात, काय कारण झालं? मी त्यांना हळूच सांगते, ते नका विचारू. पण त्या वयात मीही कारणच शोधत होते, कारण ते सापडलं असतं तर टाळता आलं असतं असं वाटायचं. पहिल्या दोन-तीन वेळा वाचताना माझ्या ओळी चुकल्या. पुढे चुकेनाशा झाल्या. एकदा आत तसं चालू असताना मी पेन्सिलीला टोक काढत होते. टोक अगदी छान, लांब आणि बारीक आलं, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला स्पष्ट आठवतं. त्या दिवशी वहिनीला कुठे लागलं होतं ते आठवत नाही.

आईला मी एकदाच विचारलं. आम्ही दोघी नळावर होतो. मी म्हटलं, "आई, आपल्या घरी थाळी..." तिनं पुढचं बोलू दिलं नाही. "मी सांगून राहिलो नं त्याले. समजावून राहिलो. थो माहं आयकते. बाहेर गेलं तं नोकरी जाईन त्याची, मंग कोनाचं भलं होनार हाय?" तिनं पाण्याचा गुंड डोक्यावर घेतला आणि चालू लागली. ती खरंच त्याला समजावत असे. मी ऐकलं आहे. तो मान खाली घालून ऐकायचा, हो आई म्हणायचा, आणि दोन आठवडे शांततेत जायचे. नळावरच्या त्या बोलण्यानंतरच्या रविवारी मंडळाची बैठक आमच्या ओट्यावर झाली. दुसऱ्या वस्तीतल्या एका बाईचं प्रकरण होतं. आई सांगत होती, नवऱ्याला पहिल्यांदाच अडवायचं असतं, दुसरी खेप होऊ द्यायची नसते. वहिनी सगळ्यांना चहा देत होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज, मार्च महिना. बाया मान हलवत होत्या. मंडळातली सुमनबाई, भाजीबाजारात बसणारी, आवाजानं खणखणीत बाई, वहिनीच्या हातून कप घेताना क्षणभर तिच्या बाहीकडे बघत राहिली. मग कप तोंडाला लावला. अध्यक्षीणबाईच्या घरात काय विचारणार?

भरभर बोलणारी वहिनी हळूहळू कामापुरतं बोलू लागली, मग तेही खुणेनं. माझ्या केसांना तेल लावणं तिनं थांबवलं नाही, फक्त नकला थांबल्या.

तो दिवस उन्हाळ्यातला. माझी परीक्षा संपली होती. दुपारी दादा जेवायला घरी यायचा. त्याच्या येण्याच्या थोडं आधी पोस्टमन एक पत्र टाकून गेला होता, वहिनीच्या नावाचं. तिनं ते वाचलं आणि टेबलावर उघडंच ठेवलं. मी विचारलं, "काय आहे?" ती म्हणाली, "अंगनवाडीचं ट्रेनिंग. अचलपूरले. माहं नाव लागलं, विशाबाई." कित्येक महिन्यांत ती एका दमात इतकं बोलली नव्हती. ते तिनं लपवून का ठेवलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तिनं ते ठरवूनच उघडं ठेवलं होतं.

दादा आला, हात धुतले, पत्र वाचलं. "हा फॉर्म कधी भरलास?"

"दोन मयने झाले."

"कुणाला विचारून?"

वहिनी ताट वाढायला स्वयंपाकघरात गेली. तो तिच्यामागे गेला. कडी लागली. आईनं तूर निवडायला घेतली होती. ती उठली, रेडिओ मोठा केला, परत येऊन बसली. बाबा ओट्यावर गेले. माझ्यापुढे वाचायला पुस्तक नव्हतं, परीक्षा झाली होती. मी नुसतीच बसून होते. मांडणी एकदा हलली आणि मग सगळी भांडी एकदम खाली आली. त्यानंतर काहीच नाही. नेहमी सगळं संपलं की वहिनी ड्रममधून पाणी घ्यायची, तोंड धुवायची, तांब्या दगडावर ठेवायची. तो आवाज आला की आम्ही तिघं पुन्हा हलायला लागायचो. त्या दिवशी तो आला नाही. रेडिओवर कुणीतरी बी-बियाण्यांबद्दल बोलत होतं. भिंतीपलीकडची मशीन बंद होती.

माझ्यात धैर्य आलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. राग नव्हता, रडू नव्हतं. बैठकीच्या खोलीत जेवणासाठी आणून ठेवलेली थाळी आणि पळी होती, ती मी उचलली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "विशा, ठेव थे." मी तिच्या समोरून गेले, बाबांच्या बाजूनं ओट्यावरून उतरले, रस्त्यावर आमच्या दाराकडे तोंड करून उभी राहिले आणि वाजवायला लागले. माझे हात दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे दिसत होते. पायात चप्पल नव्हती, आणि रस्ता तापला आहे हे मला कळत होतं पण भाजत नव्हतं.

दारं उघडली. बाया थाळ्या घेऊनच बाहेर आल्या, इतकी ती सवय लागली होती. सुमनबाई धावत आली. "कोनाच्या घरी वं? कुठं जाचं?" तिला वाटलं, मी आईच्या वतीनं बोलावते आहे. मी पळीनं आमच्या दाराकडे दाखवलं. "इथंच."

सगळ्या थांबल्या. सुमनबाईनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हातातली थाळी खाली केली. बाबा वर्तमानपत्र तसंच धरून बसले होते. तेवढ्यात आई ओट्यावर आली. डोक्यावर पदर घेतला, आणि सभेत बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "पोट्टी हाय. उनानं डोकं फिरलं तिचं. जा वं बायाहो घरी, जेवाच्या टायमाले कायले उनात उभ्या राहिल्या."

आणि बाया परतायला लागल्या. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना थाळी वाजवायला जिनं शिकवलं तीच जा म्हणत होती. मीही थांबले. पळी खाली केली. त्या क्षणी सगळं नेहमीसारखं होऊन गेलं असतं.

शमीम खाला तिच्या दारात उभी होती. गळ्यात माप घ्यायची फीत, हातात मोठी कात्री. ती मंडळात नव्हती, विहाराशी तिचा काही संबंध नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "भाभी, बहूले जरा बाहेर बोलाव."

"थे सैपाक करून राहिली."

"करू दे. एक मिनिट येऊ दे बाहेर. मले दिसली का जातो मी."

"शमीम, आमच्या घरातली गोष्ट हाय हे."

"भिंत तं दोघींची हाय नं, भाभी," खाला म्हणाली. "एक साल झालं मी आयकून राहिलो. मले वाटे तू हाय अंदर, तू करशीन काही." मग तिनं हातातली कात्री आमच्या ओट्याच्या लोखंडी जाळीवर मारली. पुन्हा मारली. मारतच राहिली. माझी पळी केव्हा वर गेली मला कळलं नाही. मग सुमनबाईची थाळी सुरू झाली, मग एकेक करत बाकीच्यांच्या. आई ओट्यावर त्या आवाजासमोर उभी होती. तिचं तोंड हलत होतं पण काही ऐकू येत नव्हतं. मग ती वळली आणि आत गेली. तिनं रेडिओ बंद केला असावा, कारण थाळ्यांच्या मधल्या फटीतून मला तिचा आवाज आला. "मिलिंद, दार उघड."

आधी दादा आला. शर्ट नीट खोचलेला. त्यानं सगळ्यांकडे पाहून विचारलं, "काय झालं? काय प्रकार आहे हा?" त्याच्या मागून वहिनी. ओठ सुजलेला, आणि डावा हात तिनं उजव्या हातात धरला होता, जणू तो कुणी सांभाळायला दिलेला आहे. मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. थाळ्या बंद झाल्या. सुमनबाईनं विचारलं, "येतं का आमच्यासंग?"

वहिनी रडली नाही. तिनं ओट्याखाली इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "माही चप्पल कुठी हाय?"

चप्पल मी आणली. तिच्या पायापुढे ठेवली. तिनं ती घातली आणि माझ्याकडे न बघता सुमनबाईनं बोलावलेल्या ऑटोत बसली. खाला, सुमनबाई आणि मी बरोबर गेलो. दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं, कागद दिला. तिथून ठाण्यात. हवालदार म्हणाला, "अध्यक्षीणबाईची सून नं हे? घरचं भांडन हाय, त्याईले बोलवा, बसून मिटवून टाका." सुमनबाई म्हणाली, "बसतोच आमी," आणि फरशीवर बसकण मारली. खालानं तिच्या शेजारी बैठक घातली. तासाभरानं हवालदार कंटाळून म्हणाला, "बरं, अर्ज लिहून आना."

तेव्हा सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलं. दोघींच्याही मनात एकच आलं. मंडळाचा अर्ज नेहमी कोण लिहायचं?

मी कागद मागितला. विचार करावा लागला नाही. वाक्य तयारच होतं, त्याचंच, स्वल्पविरामासकट. माझ्या तिरक्या अक्षरात मी ते लिहिलं आणि पतीचं नाव लिहायच्या जागी माझ्या भावाचं नाव लिहिलं. सुमनबाईनं विचारलं, "कवापासून लिहाचं?" वहिनी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "लगन झालं तवापासून. एक वरीस दोन मयने." मी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून खालानं सही केली, आणि मी. हवालदारानं आडनाव वाचून मान वर केली. "सख्खी बहीण?" मी हो म्हटलं.

दिवस कलताना आई आली. सगळ्यांना वाटलं, मिटवायला आली. ती वहिनीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "चाल रत्ना, घरी."

"नाई येत, आत्याबाई."

  आईच्या हातात कापडी पिशवी होती, ती तिनं वहिनीच्या शेजारी फरशीवर ठेवली आणि निघून गेली. पिशवीत वहिनीच्या तीन साड्या होत्या, तिची शाळेची प्रमाणपत्रं होती, आणि ते पत्र होतं. म्हणजे घरून निघताना आईनं ते सगळं भरून आणलं होतं. तरीही चाल म्हणाली. यातलं खरं कुठलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, दोन्ही.

दादाला दोन दिवस कोठडीत ठेवलं, मग सोडलं. नोकरी गेली नाही. महिन्याभरात त्यानं दुसरीकडे खोली केली. कोर्टात काही वर्षं गेली आणि ते वेगळे झाले. त्यानं पुन्हा लग्न केलं, आता तो आजोबा आहे. लग्नकार्यात भेटतो, माझ्या नवऱ्याशी बोलतो, माझ्याशी आजवर बोललेला नाही. त्याच्या बायकोला मी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. "नाही हो ताई, तसं काही नाही," ती म्हणाली. मी माझा फोन नंबर तिच्या हातात दिला. तो तिनं ठेवला की फेकला, मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी आई विहारात गेली आणि सगळ्यात मागे बसली. सुमनबाई म्हणाली, "बाई, पुढं या." आईनं मान हलवली. त्या दिवशी मंडळानं ठरवलं की विहारामागची खोली बायांसाठी कायम उघडी ठेवायची, म्हणजे निघालेल्या बाईला कुणाच्या घरात तोंड लपवून राहावं लागू नये. किल्ली शमीम खालाकडे दिली, कारण ती दिवसभर घरी असायची. एक-दोघींनी कुरकूर केली, पण सुमनबाईनं ऐकलं नाही. ती खोली सकाळी कोण झाडतं हे बरेच दिवस कुणाला कळलं नाही. आई झाडायची. हात-पाय चालत होते तोवर झाडत राहिली. बाबांसोबत त्याच घरात आम्ही दोघी त्यानंतर तीन वर्षं राहिलो. ती मला वेळेवर जेवायला वाढायची. त्या दुपारबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. रेडिओ कुणी लावायचं नाही.

हिवाळ्यात मी अचलपूरला गेले. घरी कॉलेजचं काम सांगितलं आणि अकोट, अंजनगाववरून जाणारी एसटी पकडली. खिडकीतून कपाशी दिसत होती, तुरी फुलावर होत्या. सबंध वाटेत मी मनात एक चित्र रंगवत होते. वहिनी दार उघडेल, मला जवळ घेईल, विशाबाई तुमच्यामुळे मी वाचली म्हणेल. ते ऐकून माझ्या आत जे बधिर होऊन बसलं आहे ते सुटेल, मला रडू येईल. मी रडायलाच निघाले होते.

तिनं दार उघडलं. "आल्या का. बसा." ट्रेनिंग संपून तिला गावाजवळच्या अंगणवाडीवर नेमलं होतं. डावं मनगट जुळलं होतं, पण किंचित वाकडं. तिनं भाकरी टाकल्या, उजव्या हातानं थापून, डावा नुसता टेकवून. पातोड्यांची भाजी होती. तिचे वडील शेतात गेलेले, घरात आम्ही दोघीच. ती अंगणवाडीतल्या पोरांबद्दल बोलली, पुन्हा जरा भरभर. मी जेवत होते, वाट बघत होते.

मग तिनं विचारलं, "एक सांगा, विशाबाई. तुमाले पयल्या दिवसापासून ऐकू येत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मंग काहून थांबल्या इतके दिस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाला तू काल का आला नाहीस विचारावं तसं तिनं विचारलं होतं, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. मी ताटाकडे बघत राहिले.  भीती म्हणावी तर दादानं माझ्यावर कधी बोटही उचललं नव्हतं. आईवर ढकलावं तर शेवटी आईला ओलांडून मी गेलेच होते. मग आधीच का नाही गेले? लहान होते म्हणावं, तर त्या दिवशीही तेवढीच होते.  चुलीतलं लाकूड वहिनीनं आत सरकवलं, हात झटकला.

"बरं," ती म्हणाली. "भाकर घ्या अजून."

माझं पोट भरलं होतं. मी ताट पुढे केलं. तिनं तव्यावरची पातळ, गरम भाकर माझ्या ताटात टाकली, आणि ती संपेपर्यंत मी खात राहिले, आणि ती माझ्यासमोर बसून राहिली.